बाईंची वाकडी रेष

आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना मुलं फूटपट्टीबाई म्हणायची. बाईंना हे ठाऊक होतं आणि मनातून ते आवडतही होतं. तासाला निघताना फळ्यावर रेघा मारायची लांब लाकडी पट्टी त्या काखेत मारायच्या आणि लढाईवर निघाल्यासारख्या चालू लागायच्या. ती पट्टी त्यांनी कधी कुणावर उगारली नाही. पण फळ्यावर नुसत्या हातानं मारलेली रेघ त्यांना खपायची नाही. “सरळ रेषेला सरळ काढावं. ती बिचारी आणखी काय मागते आपल्याकडं?” असं म्हणायच्या.

मी त्याच शाळेत चित्रकला शिकवते. शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची बाईंच्या शेजारी, आणि माझा वर्ग त्यांच्या आठवीच्या वर्गाला लागून. मध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत. माझी मुलं मुकाट्यानं रंगवत बसली की पलीकडचं सगळं गणित माझ्या कानावर पडायचं. शाळेत असताना गणिताच्या तासाला मी मागच्या बाकावर लपून बसायची. बाईंचा तास मात्र मी चोरून ऐकायची.

त्यांचा सगळ्यात लाडका धडा म्हणजे दोन चलांची समीकरणं आणि त्यांचे आलेख. दरवर्षी त्याची सुरुवात एकाच गोष्टीनं व्हायची.

“एका घरात ताई आणि तिचा धाकटा भाऊ. ताई तीन वर्षांनी मोठी. भावाचं वय क्ष, ताईचं वय य. सांगा पाहू, ताई किती वर्षांची?”

“भाऊ किती वर्षांचा आहे, बाई?” कुणीतरी विचारायचंच.

“ते मलाही माहीत नाही.”

“मग कसं सांगणार?”

“तीच तर गंमत आहे. आजवर तुम्हाला एकच अज्ञात शोधायचं होतं. उत्तर सापडलं, त्याच्याखाली रेघ मारली, सुटलो. आता दोघं अज्ञात आहेत. एकाचं ठरवलं की दुसऱ्याचं आपोआप ठरतं. भाऊ जन्मला तेव्हा ताई तीनची. भाऊ पाचचा, ताई आठची. अशी किती उत्तरं निघतील?”

“पुष्कळ!”

“मोजून संपतील?”

“दोघं मेली की संपतील, बाई!” मागच्या बाकावरून एखादा आगाऊ आवाज यायचा आणि वर्ग खदखदायचा.

“समीकरणाला कुणी मेल्याचं कळवत नाही, बाळा,” बाई शांतपणे म्हणायच्या. मग त्या फळ्यावर एक आडवा आणि एक उभा अक्ष काढायच्या. भावाचं वय जितकं, तितकी घरं उजवीकडं. ताईचं वय जितकं, तितकी घरं वर. प्रत्येक उत्तराचा एक ठिपका. ठिपके झाले की पट्टी लावून एका दमात रेष ओढायच्या आणि सगळे ठिपके त्या रेषेवर ओळीनं बसलेले दिसायचे. भिंतीपलीकडून एक मोठा “आऽ” ऐकू यायचा. त्या आवाजासाठीच आपण नोकरी करतो, असं बाई मला एकदा म्हणाल्या होत्या.

त्या वर्षी हा धडा यायच्या सुमाराला एक छोटीशी गोष्ट घडली. मधल्या सुट्टीत आम्ही चहा पीत होतो. बाई दाराकडं टक लावून बघत होत्या.

“काय गं, ही चौकट फुगलीय का?”

मी बघितलं. “कुठं?”

“मधोमध. पोट आल्यासारखी.”

“लाकूड आहे, बाई. ओलीनं फुगत असेल.” मी चहाचा कप ठेवला आणि विसरून गेले. बाई विसरल्या नव्हत्या. त्या दाराजवळ गेल्या आणि चौकटीवरून वरपासून खालपर्यंत तळहात फिरवला. मग परत येऊन बसल्या. चष्म्याचा नंबर वाढला असेल अशी त्यांनी स्वतःची समजूत काढली होती, हे मला पुढं कळलं.

मग तो तास आला. माझी पाचवीची मुलं पानंफुलं रंगवत होती. पलीकडं ताई आणि भाऊ येऊन गेले, हशा पिकून गेला, खडू फळ्यावर टकटकला. आता “आऽ” येणार म्हणून मी कान दिला. आला तो डस्टरचा आवाज. मग पुन्हा पट्टी फळ्यावर टेकल्याचा आवाज, पुन्हा रेष, पुन्हा डस्टर. मुलांमध्ये चुळबुळ सुरू झाली. तिसऱ्यांदा रेष ओढली गेली तेव्हा कुणीतरी फिसकन हसलं.

“हसायला काय झालं?” बाईंचा आवाज चढला होता. तो असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

वर्ग गप्प. पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. ती इतकं हळू बोलायची की सगळे तिला कुजबूज म्हणायचे. त्या शांततेत तिचासुद्धा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

“बाई, रेष सरळच आहे.”

“सरळ? ही? मध्ये खाली झोळ आलाय तो दिसत नाही? डोळे आहेत ना तुला?”

मग लाकडी पट्टी खाली पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ बाईंचे शब्द, अगदी बसक्या आवाजात: “पुढचं उद्या बघू.” घंटा व्हायला अवकाश होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत बाई घंटेआधी वर्गाबाहेर पडल्या नव्हत्या.

त्या सरळ माझ्या वर्गात आल्या. चेहरा पांढराफटक. माझ्या मुलांकडं त्यांनी बघितलंही नाही. “एक कोरा कागद घे,” त्या म्हणाल्या. “त्यावर सरळ रेष काढ. पट्टीनं.”

मी काढली. त्यांनी कागद हातात धरला, डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला, काढला, मग उजव्या डोळ्यावर ठेवला. पुन्हा डाव्यावर.

“उजवा झाकला की सरळ आहे,” त्या म्हणाल्या. “डावा झाकला की वाकते.” आणि मग, जणू माझ्याकडं तक्रार करावी तशा, “अगं, मी पट्टी लावून बघितली फळ्यावर. मला पट्टीच वाकडी दिसली.”

समोर तीसेक मुलं ब्रश थांबवून आमच्याकडं बघत होती. मी त्यांना रंगवा रंगवा म्हणाले आणि बाईंना घेऊन व्हरांड्यात आले. “आजच डॉक्टरांकडं जाऊया,” मी म्हटलं.

“कुठंही जायचं नाही. आणि हे बघ, कुणाला सांगायचं नाही. घरी तर मुळीच नाही. तुला माझी शपथ.”

त्यांची भीती कुठून आली होती ते मला त्यांनी मग तुकड्यातुकड्यानं सांगितलं. त्यांच्या आईची नजर अशीच गेली होती. आधी सुईत दोरा जाईना, मग तांदळातले खडे दिसेनात, मग समोर कोण उभं आहे ते आवाजावरून ओळखावं लागायचं. घरातले म्हणायचे, वय झालं. डॉक्टरकडं नेली तेव्हा डॉक्टरही म्हणाले, आता काय उपयोग. आई पुढची सगळी वर्षं खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून होती. कुणी आलं की चेहरा थोडा बाजूला वळवून बघायची, कारण समोर बघितलं तर समोरचंच दिसायचं नाही. “मी त्या वेळी ठरवलं होतं, मला असं झालं तर आधी कळायलाच नको,” बाई म्हणाल्या. इतकी हिशेबी बाई, पण या एका बाबतीत त्यांचं गणित असं उफराटं होतं.

त्यानंतरचे दिवस माझे वाईट गेले, त्यांचे किती वाईट गेले असतील कुणास ठाऊक. त्या सगळीकडं सरळ रेषा शोधत फिरायच्या. खिडकीचे गज, जिन्याचा कठडा, वर्तमानपत्राच्या ओळी, न्हाणीघरातल्या फरश्या. डोळा झाकायचा, बघायचं, उघडायचं. कुणी बघितलं तर डोळ्यात काही गेलंय म्हणून चोळायच्या. मला रोज विचारायच्या, “कालच्यापेक्षा माझा चेहरा बरा दिसतोय का गं?” जणू नजर चेहऱ्यावरून कळणार होती. आणि मी, तोंडाला कुलूप लावलेली, घरी गेल्यावर कुणाशी धड बोलायची नाही. सांगावं तर विश्वासघात, न सांगावं तर त्याहून मोठं पाप.

वर्गात त्यांनी एक युक्ती काढली. फळ्यावरची रेष त्या मुलांकडूनच काढून घेऊ लागल्या. “आता तुम्ही मोठे झालात, तुम्ही काढा,” असं म्हणायच्या. मुलं खूश. हेडबाई एकदा मागून तास बघून गेल्या आणि खोलीत सगळ्यांसमोर कौतुकानं म्हणाल्या: “मुलांच्या हातात खडू देण्याची पद्धत फार छान.” बाईंनी मान खाली घातली. टेबलाखाली त्यांचा हात माझ्या हाताला लागला, थंडगार होता.

पण वह्या तपासायच्या कोणी? आलेख कागदावर इवलेइवले चौकोन असतात. एक ठिपका एका घरानं सरकला की उत्तर चुकतं. बाई कागद कधी नाकाशी धरायच्या, कधी तिरका करायच्या. लाल पेननं बरोबर-चूक करायच्या आणि गठ्ठा घाईघाईनं बाजूला सारायच्या.

एका दुपारी कुजबूज शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत यायचं तिला धाडस होईना. मीच तिला बोलावलं. तिच्या हातात आलेखाचा कागद होता, त्यावर लाल फुली.

“बाई,” ती म्हणाली, आणि पुढचं काही ऐकू आलं नाही.

“मोठ्यानं बोल गं, बाळा.”

“माझं काय चुकलं ते समजलं नाही. मी घरी पुन्हा पुन्हा केलं. तेच येतंय.” तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. “आईनं सांगितलं, बाई चुकत नाहीत, तूच नीट बघ. पण मी नीट बघितलं.”

बाईंनी कागद घेतला. मी बाजूनं डोकावले. समीकरण होतं: क्ष आणि य मिळून सहा. एक घेतलं तर पाच, दोन घेतले तर चार, तीनाला तीन. माझ्यासारखीलासुद्धा कळत होतं की ठिपके जिथल्या तिथं आहेत. रेष वरून खाली उजवीकडं घसरगुंडीसारखी उतरत होती, आणि शिसपेन्सिलीनं इतकी स्वच्छ ओढलेली की चित्रकलेच्या वर्गात मी ती भिंतीवर लावली असती.

बाईंनी उजवा डोळा झाकून कागद बघितला. बराच वेळ बघितला. त्या पोरीनं चूक शोधण्यासाठी किती वेळा खोडलं होतं ते कागदावर दिसत होतं. एका ठिकाणी खोडून खोडून कागद फाटायला आला होता.

“काहीच चुकलं नाही तुझं,” बाई म्हणाल्या. “मी चुकले. माझा एक डोळा नीट बघत नाहीये. त्या दिवशी वर्गात तू बरोबर सांगत होतीस आणि मी तुझ्यावर ओरडले.”

कुजबूज घाबरून माझ्याकडं बघायला लागली. मोठ्या माणसानं असं काही सांगितलं की मुलांना काय करावं ते कळत नाही. मग तिनं विचारलं, “दुखतो का?”

“नाही गं. दुखत असता तर बरं झालं असतं.”

ती गेल्यावर बाईंनी पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “चल. आज तास संपले की जाऊ. मात्र आधी घरी सांगायला हवं. तू बरोबर ये, माझ्यानं एकटीनं बोलवणार नाही.”

त्यांचे यजमान पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होते. हसरा, बोलका माणूस. मी त्यांना काका म्हणते. आम्ही गेलो तेव्हा ते नुकतेच कामावरून आले होते, बनियनवर बसून पंख्याखाली वारा घेत होते. बाईंनी दारातच सगळं सांगून टाकलं, एका श्वासात, चपला न काढता. काका ऐकत राहिले. मग म्हणाले, “अगं, म्हणजे तू माझ्यावर रागावली नव्हतीस?”

“रागावू कशाला?”

“महिनाभर माझ्याकडं वाकड्या नजरेनं बघतेयस! मी विचार करकरून थकलो की आपल्या हातून झालं तरी काय. परवा तर न सांगता भांडी घासून ठेवली.”

बाई हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. काका उठले, शर्ट चढवायला लागले, आणि त्यांना गुंड्या लागेनात. सगळ्या गुंड्या एक घर सोडून लागल्या होत्या, ते आम्हाला दवाखान्यात पोचल्यावर दिसलं.

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या आणि घाईत होत्या. त्यांनी बाईंच्या हातात एक कार्ड दिलं. पांढऱ्यावर काळ्या रेषांचे बारीक चौकोन, मधोमध एक ठिपका.

“हा तर आलेख कागद!” बाई म्हणाल्या.

“एक डोळा झाका. ठिपक्याकडं बघा. ठिपक्यावरून नजर हलवू नका. रेषा कुठं वाकतात का, पुसट होतात का, सांगा.”

बाई ताठ बसल्या. “ठिपका आरंभबिंदू धरते. तिथून उजवीकडं दोन घरं आणि खाली तीन, तिथपासून खळगा सुरू होतो. डावीकडं उणे एकपर्यंत—”

“एवढं नको हो, बाई,” डॉक्टर म्हणाल्या. “नुसतं बोट ठेवा.”

बाईंनी बोट ठेवलं. बोट कार्डाच्या मध्यापासून फार लांब नव्हतं. डॉक्टरांची घाई एकदम थांबली. त्यांनी डोळ्यात थेंब घातले, आम्हाला बाहेर बसवलं, मग यंत्रासमोर हनुवटी टेकवून फोटो काढले. त्या बाकावर आम्ही तिघं शेजारी शेजारी बसलो होतो. काका समोरच्या भिंतीवरची डोळ्याची आकृती वाचत होते, पुन्हा पुन्हा तीच. थेंबांमुळं बाईंच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या आणि उजेड सहन होत नव्हता, म्हणून त्यांनी डोळे मिटून माझा हात धरला होता. प्रत्येक वेळी दार उघडलं की तो हात घट्ट व्हायचा.

डॉक्टरांनी फोटो दाखवून समजावलं. डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्याखाली नको तिथं नव्या बारीक रक्तवाहिन्या उगवल्या होत्या. त्या पाझरत होत्या, त्यामुळं पडदा उचलला गेला होता. भिंतीच्या आत ओल आली की वरचा कागद फुगतो, तसा. म्हणून रेषा वाकड्या दिसत होत्या. डोळ्यात इंजेक्शन द्यायचं, महिन्याच्या अंतरानं, आधी तीन. मग बघायचं.

“डोळ्यात?” काकांनी विचारलं. “म्हणजे प्रत्यक्ष डोळ्यात?”

“प्रत्यक्ष डोळ्यात. बधिर करून.”

“माझ्या आईला हेच होतं का?” बाईंनी विचारलं.

“न बघता कसं सांगू? असू शकेल. तेव्हा हे इंजेक्शन नव्हतं.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “जेवढं गेलंय तेवढं सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही. पुढचं जाणं थांबवायचा प्रयत्न आहे. आणखी थोडे दिवस काढले असतेत, तर हेही म्हणता आलं नसतं. डावा डोळा आज ठीक आहे. पण तो रोज तपासायचा, याच कार्डावर. काही वाकलं की त्याच दिवशी यायचं. लाजायचं नाही, थांबायचं नाही.”

पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी आत फक्त बाईंना नेलं. त्यांनी मला मागाहून सांगितलं की सुईपेक्षा पापण्या उघड्या ठेवायला लावलेला चिमटा जास्त भीतिदायक होता. आपल्याच डोळ्याला मिटायची परवानगी नाही. सुई आली तेव्हा दुखलं असं नाही, नुसता दाब जाणवला, आणि पाण्यात शाई पडावी तसं डोळ्यात काहीतरी काळं तरंगत खाली गेलं. “मी तेव्हा मनात पाढे म्हणत होते,” त्या म्हणाल्या. “एकोणतीसचा. तो अवघड असतो म्हणून.”

शाळेत आता सांगावंच लागलं. हेडबाई वाईट नाहीत, पण त्यांना जबाबदारीची धास्ती. “तुम्ही ग्रंथालय बघा ना,” त्या म्हणाल्या. “वर्गात ठेच लागली, जिन्यावरून घसरलात, तर मी कुणाला तोंड दाखवू?”

“ग्रंथालयातसुद्धा पुस्तकंच असतात, वाचायचीच,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज स्थिर होता, पण साडीचा काठ बोटांनी चुरगळत होत्या. “आठवीचा हा धडा मला पुरा करू द्या. मग तुम्ही म्हणाल ते.”

“आणि वह्या?”

“त्या मी तपासते,” मी म्हणाले. तोंडातून गेलं आणि मागाहून घाम फुटला. गणितात कशीबशी काठावर पास होणारी मी! पण बाईंनी मला चहाच्या सुट्टीत बसवून शिकवलं. क्षला एक किंमत द्यायची, समीकरणात घालायची, य काढायचा, ठिपका मांडायचा. निदान तीन ठिपके हवेत. दोन ठिपक्यांतून कुठलीही सरळ रेष जाते, चूक कळत नाही. तिसरा ठिपका साक्षीदार. तो रांगेत बसला नाही तर समजायचं, कुणीतरी खोटं बोलतंय. या वयात मला ते समजलं आणि इतका आनंद झाला की मी घरी जाऊन सगळ्यांना आलेख काढून दाखवला. कुणी विशेष कौतुक केलं नाही.

बाई पुन्हा वर्गात गेल्या तेव्हा आठवीच्या सगळ्या मुलांना घेऊन प्रार्थनेच्या हॉलमध्ये आल्या. मलाही बोलावलं. हॉलमध्ये मोठ्या चौकोनी फरश्या आहेत. बाईंनी उड्या मारायच्या दोन दोऱ्या मागवल्या. एक आडवी अंथरली, एक उभी. “हे दोन अक्ष. जिथं भेटतात तिथून मोजायचं. फरश्यांचे सांधे जिथं एकमेकांना छेदतात तिथं उभं राहायचं, पोटात नाही.” मग मुलांना सरळ सांगितलं, “मला उजव्या डोळ्यानं रेष वाकडी दिसते. औषध चालू आहे. तेव्हा आज रेष तुम्ही व्हायचं.”

कुणी हसलं नाही. बाईंच्या कपाळावर घाम दिसत होता. मला वाटलं, आता यांना खोलीत घेऊन जावं.

“समीकरण: य म्हणजे क्षची दुप्पट, त्यातून एक वजा. क्ष एक कोण होतंय?”

एक मुलगा पुढं आला. एकाची दुप्पट दोन, वजा एक, एक. एक घर उजवीकडं, एक घर वर. उभा राहिला. मग दोनवाली, तीनवाली, चारवाला, पाचवाली. सहावा मुलगा म्हणाला, “मी शून्य.”

“मग तुझा य किती?”

“उणे एक.” त्यानं इकडंतिकडं बघितलं. “बाई, मी कुठं जाऊ?”

“दोरीच्या मागं जा.”

“मागं? मला रांगेतून काढलंत?”

“काढलं नाही. तूही रांगेतच आहेस, बघ तर खरं.”

तो आडव्या दोरीच्या मागच्या बाजूला एक घर जाऊन उभा राहिला. बाई त्याच्या पाठीमागं गेल्या, अगदी जवळ, आणि त्याच्या डोक्याच्या सरळ रोखानं पुढं बघू लागल्या. मग मला कळलं त्या काय करताहेत ते. रांग सरळ असेल तर टोकाशी उभ्या असलेल्या माणसाला पहिल्याच मुलाची पाठ दिसते, बाकी सगळे तिच्याआड जातात. रेषेची बारकाई दिसायची गरजच नाही.

“कोण डोकावतंय?” बाई म्हणाल्या. “एक डोकं बाहेर आहे.”

चारवाला आठाच्या सांध्यावर उभा होता. चाराची दुप्पट आठ, एक वजा करायचा विसरला होता. सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “सात! सात!” तो उडी मारून एक घर खाली आला.

“आता?”

“आता सरळ आहे, बाई!” पोरं म्हणाली.

“नक्की?”

“नक्की!”

बाईंनी डोळा झाकला नाही. “बरं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही म्हणता तर सरळ आहे.”

तेवढ्यात कुजबूज पुढं आली आणि बाईंच्या कानाशी काहीतरी बोलली. “हेच सगळ्यांना विचार,” बाई म्हणाल्या. तिनं विचारलं, तिच्या मानानं मोठ्यानं: “क्ष अडीच घेतला तर चालेल?”

“काढ बघू.”

“पाच वजा एक. चार.” ती दोन आणि तीनच्या बरोबर मधोमध, चौथ्या ओळीत जाऊन उभी राहिली. पुढच्या-मागच्या मुलांच्या मध्ये तंतोतंत बसली. मग काय, साडेतीन आला, दीड आला, सव्वा आली, उणे एकवाला तर पार भिंतीला जाऊन टेकला. रांग भरत गेली, कुठं फट राहिना. आणि मग आला तो “आऽ”. मी यावेळी भिंतीपलीकडं नव्हते, त्यात माझाही आवाज होता.

हेडबाई गोंगाट ऐकून दारात आल्या होत्या. रागवायला आल्या होत्या, ते विसरून बघत राहिल्या. ग्रंथालयाचा विषय त्यांनी त्या वर्षी पुन्हा काढला नाही. पुढच्या वर्षाचं पुढं बघू, एवढंच म्हणाल्या.

हे सगळं झालं म्हणून भीती गेली असं नाही. ते कार्ड बाईंनी घरी कपाटाच्या दाराला चिकटवलं. सकाळी उठल्यावर दुसऱ्या कशाकडं बघायच्या आधी उजवा डोळा झाकून त्या ठिपक्याकडं बघतात. काका तेवढा वेळ स्वयंपाकघरात चहा ढवळत उभे असतात. चहा केव्हाच झालेला असतो. “ठीक आहे,” असा आवाज आतून आला की मग ते गाळतात. दुसऱ्या इंजेक्शननंतर एका सकाळी आवाज यायला उशीर झाला. काका चहा तसाच टाकून धावत गेले. बाई कार्डासमोर उभ्या होत्या. चष्म्याच्या काचेवर बोटाचा डाग पडला होता, बाकी काही नव्हतं. पण दोघांचंही त्या दिवशी कामात लक्ष लागलं नाही.

तिसऱ्या इंजेक्शननंतर तपासणीला काकांना रजा मिळेना, म्हणून मी गेले. पुन्हा तोच बाक, तेच थेंब, तोच हात माझ्या हातात. आत डॉक्टरांनी जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी लावले. मला दोन्ही सारखेच वाटले, ढगांसारखे.

“पाझर थांबलाय,” डॉक्टर म्हणाल्या. “सूज उतरलीय. मध्ये एक छोटा वण राहील. उजव्यानं बारीक अक्षर वाचता येणार नाही. पण इथून पुढं खाली जात नाहीये.”

“थांबलाय म्हणजे कायमचा?” बाईंनी विचारलं.

“ते मी कसं सांगू? पुढच्या महिन्यात या. मग त्याच्या पुढच्या.”

“म्हणजे बघत राहायचं.”

“बघत राहायचं.”

बाहेर कडक ऊन होतं. बाहुल्या मोठ्या झालेल्या, त्यामुळं बाईंना सगळं पांढरं पांढरं दिसत होतं. रस्त्यावर गाड्यांची रीघ होती. त्यांनी माझा दंड धरला आणि आम्ही कडेला उभ्या राहिलो.

“मोकळा झाला की सांग,” त्या म्हणाल्या.

मी उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं, पुन्हा उजवीकडं बघितलं. माझीच खात्री होईना. एक ट्रक गेला, दोन सायकली गेल्या. “आता,” मी म्हटलं, आणि आम्ही निघालो.